टिपणीसकाकांनी पास केलेले किल्ट

नूपुर लग्न होऊन रियाधला आली त्याच आठवड्यात तिला कुकर घ्यायचा होता. मनीष म्हणाला, "शिरीषकाकांना बरोबर नेऊ."

"कुकर घ्यायला?"

"इथे सगळे नेतात."

शिरीष टिपणीस त्यांच्याच कंपाउंडमध्ये, परदेशी नोकरदारांच्या त्या बंदिस्त वसाहतीत, शेजारच्या घरात राहत. साठीला आलेले, उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम घडीचं भिंग. दुकानात त्यांनी कुकर हातात घेतला. झाकण उलटं केलं, रबराचा वास घेतला, शिट्टीतून फुंकर मारली. मग दुकानदाराकडे पाणी मागितलं. पाणी भरलेला कुकर काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि स्वतः खुर्ची ओढून बसले. दुकानदाराने मुकाट्याने चहा मागवला. त्याला हे नवीन नसावं. चहा संपला तेव्हा काकांनी कुकर उचलला आणि खालच्या कागदावरून बोट फिरवलं. कागद कोरडा होता.

"पास," काका म्हणाले.

नूपुर नाशिकहून मराठीत एम. ए. करून आली होती. असा माणूस तिला एखाद्या पुस्तकात भेटला असता, तर लेखकाने जरा जास्तच रंगवलंय असं ती म्हणाली असती. इथे तो चहाचे पैसे द्यायला धडपडत होता.

हळूहळू तिला कळत गेलं. गाडी असो, गादी असो, मुलाचं दप्तर असो, रियाधमधल्या मराठी घरांत वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला. काकांनी पास केलंय का? केलं असेल तर पुढे कुणी बोलत नसे.

काकांची नोकरीच ती होती. प्लँटसाठी येणारे पाइप, व्हॉल्व्ह, पाइपांच्या सांध्यात बसवायची गॅस्केट, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांनी पास केलेला माल बसवायचा, फेल केलेला परत पाठवायचा. मधलं काही त्यांना येत नव्हतं.

एकदा सुनीताकाकू लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ह्यांना दोन वर्षं तिकडे समुद्रकाठी, रास अल खैरला टाकलं होतं, तुला माहितीय?"

"टाकलं होतं म्हणजे?"

"गॅस्केटचा एक लॉट आला होता. काम अडलेलं. वरचे म्हणाले, पास करा. हे म्हणाले, नाही होत. मग बदली. कॅम्पात एका खोलीत चौघं. मी इथे लेकीला घेऊन."

"आणि ते गॅस्केट? नंतर फुटलं?"

"छे गं. दुसऱ्या कुणीतरी पास केलं. छान चाललं. अजूनही चालत असेल."

नूपुर बघतच राहिली. गोष्टीचा शेवट असा असायला नको होता.

"मग काका चुकले?"

"चुकले की नाही ते मला काय कळतंय!" सुनीताकाकू म्हणाल्या. "पण त्यांच्या मनाला पटलं नव्हतं. त्यांनी पास केलं नव्हतं." लसूण सोलताना त्यांची मान ताठ झाली होती.

आता काकांची नोकरी संपत आली होती. जानेवारीत पासपोर्टवर कायमचा एक्झिट लागणार होता. लेक पुण्यात होती, तिच्याजवळ घर घेतलं होतं. "इथे आलो तेव्हा एक बॅग आणि नाव घेऊन आलो," काका म्हणायचे. "बॅग कधीच फाटली. नाव तेवढं धड घेऊन जायचं." ते हे हसत म्हणायचे, पण एकदा नव्हे, बऱ्याचदा म्हणायचे.

त्याच हिवाळ्यात किल्टचं प्रकरण निघालं.

दिवाळीला कंपाउंडच्या हॉलमध्ये मराठी मंडळी लेझीम खेळली होती. आठ पुरुष, पुढे काका. बघायला कॅलम आला होता. कॅलम स्कॉटलंडचा. आठवडाभर रास अल खैरच्या साइटवर असायचा, गुरुवारी संध्याकाळी रियाधला परतायचा. दर नोव्हेंबरअखेर तो आणि त्याचे देशवाले कंपाउंडच्या हिरवळीवर आपला नाच करायचे. यंदा एक मोठा प्रोजेक्ट संपला आणि अर्धे नाचणारे मायदेशी निघून गेले. लेझीम बघून कॅलम थेट काकांकडे आला.

"तुमचे आठ जण मला द्या," तो म्हणाला.

दोन शुक्रवार त्याने सगळ्यांना ट्रॅक पँटमध्येच नाच शिकवला. पायांचं काम लेझीमवाल्यांना जड गेलं नाही. मग कपड्यांचा विषय निघाला. स्कॉटिश माणूस या नाचाला किल्ट घालतो. चौकडीचं, कमरेला गुंडाळायचं, गुडघ्यापर्यंत येणारं निऱ्यांचं वस्त्र.

"म्हणजे लुंगीने फ्रॉकशी लग्न केलं तर जे होईल ते," चंदन म्हणाला. चंदन नागपूरचा. मनीषच्याच ऑफिसात होता आणि गप्प बसणं त्याला जमत नसे. "आणि सर, आत काय घालायचं असतं?"

कॅलम मिश्कील हसला.

"चड्डी," काका म्हणाले. "पुढचा मुद्दा."

कॅलम म्हणाला, लोकरीचा खरा किल्ट मापाने शिवून घ्यावा लागतो, महाग असतो आणि वेळही लागतो. हा एका दुपारचा खेळ. साधे, स्वस्त, रोजच्या वापरातले किल्ट मिळतात, त्यातलं काहीही चालेल.

"काहीही चालेल" हे शब्द काकांच्या समोर कुणी उच्चारत नसे. कॅलमला ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी भिंग काढून रुमालाने पुसलं.

"बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मेट्रोने बथ्याच्या जुन्या बाजारात गेले. नूपुर आणि सुनीताकाकूही गेल्या. बथ्याच्या एका गल्लीत मोहियुद्दीनचं शिवणकामाचं दुकान होतं. मोहियुद्दीन दापोलीचा. सुनीताकाकूंची फॉल-बीडिंगची कामं वर्षानुवर्षं त्याच्याकडे. किल्ट ऐकून त्याने आधी काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या वयात, साहेब?"

"तुझ्याकडे आहे का ते बोल."

"माझ्याकडे नाही. पण पलीकडच्याकडे सियालकोटचा माल येतो. तिथे बनतात, बाहेर जातात. उद्या नमुने मागवतो. जितके प्रकार असतील तितके."

नमुने तीन आले. साध्या पिशव्यांत, ना चित्र, ना सूचना. काकांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं, पांढरी चादर अंथरली आणि तिन्ही किल्ट शेजारी शेजारी ठेवले.

एक नंबर काळा, जाड कॅनव्हासचा, दोन्ही बाजूंना मोठे खिसे. दोन नंबर लाल-हिरव्या चौकडीचा, हलका, बघताक्षणी डोळ्यांत भरणारा. तीन नंबर करडा-निळसर, उदास. त्याच्या निऱ्या कमरेपासून पार नितंबापर्यंत शिवून टाकलेल्या होत्या, आतून अस्तर होतं. किंमत तिन्हींचीही परवडण्यासारखी. तीन नंबर तर सगळ्यांत स्वस्त, कारण तो रंग कुणी घेत नव्हतं.

मग तपासणी सुरू झाली. ओला पांढरा रुमाल प्रत्येकावर घासून रंग जातो का ते पाहिलं. शिवणीतला एकेक दोरा काढून जाळला आणि राख चिमटीत चोळली. पट्टे आणि बकलं ओढून ओढून पाहिली. एक नंबर धुतला तेव्हा बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. चौकडीची रेघ एका निरीतून दुसऱ्या निरीत नीट जुळते का, ते भिंगातून बघितलं. नूपुर दारात उभी राहून पाहत होती. चहा कपात थंड झाला होता.

"आता घालून बघायचा," काका म्हणाले. त्यांनी पायजम्यावरच दोन नंबर कमरेला लावला आणि थांबले. किल्टची एक बाजू सपाट होती, एका बाजूला निऱ्या. "कसा घालायचा हा?"

"कसा म्हणजे?" सुनीताकाकू पुढे झाल्या. "निऱ्या पुढे. निऱ्या आणखी कुठे असतात?"

त्यांनी किल्ट काकांच्या कमरेभोवती फिरवला. निऱ्या पोटावर आणल्या, बेंबीखाली चापून सारख्या केल्या. आयुष्यभर साडी नेसलेला हात होता तो. दोन झटक्यांत निऱ्या सरळ रेषेत उभ्या राहिल्या. नूपुरलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साडीच्या निऱ्या पुढे, धोतराच्या निऱ्या पुढे. जन्मभर हेच पाहिलेलं.

काकांनाही वाटलं नाही. कुकरच्या शिट्टीवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने एवढी एक गोष्ट न तपासता मान्य केली.

ते पॅसेजमधून चालत गेले, वळले, परत आले. निऱ्या पुढे डौलात झुलल्या. तीन नंबर घातला तर शिवलेल्या निऱ्यांनी पोट पुढे आल्यासारखं दिसलं.

"सातवा लागलाय," सुनीताकाकू म्हणाल्या.

"फेल," काका म्हणाले.

एक नंबर बादलीतच फेल झाला होता. संध्याकाळी मराठी मंडळींच्या ग्रुपवर काकांचा निरोप आला. दोन नंबर, वजनाला हलका, रंग पक्का, निरीचा झोक उत्तम, किमतीच्या मानाने चोख. पास. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. नमुन्याचा एक हाताशी होताच, मोहियुद्दीनने आणखी सात किल्ट पाठवले.

तालमीचा शुक्रवार उजाडला. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी. हवा छान होती, हिरवळीवर कोवळं ऊन पडलं होतं. आठ मराठी पुरुष लाल-हिरव्या किल्टमध्ये ओळीने उभे राहिले. आठही जणांच्या पोटावर निऱ्या. चंदनने तर वर हात बांधून फोटोची पोझ घेतली होती.

कॅलम त्याच्या घरातून बाहेर आला. त्याच्या अंगावर त्याचा जुना, लोकरीचा किल्ट. दहा पावलं आला आणि थांबला. त्याने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले.

"काय झालं?" मनीषने विचारलं.

कॅलम सावकाश स्वतःभोवती फिरला. पुढून त्याचा किल्ट पाटीसारखा सपाट होता. निऱ्या सगळ्या मागे होत्या.

क्षणभर कुणाला कळेना. मग चंदनला आधी कळलं. तो हिरवळीवर बसलाच. "अरे देवा. आठ जण साडी नेसून आलोय आपण!"

हशा उसळला. कॅलमलाही मग आवरेना. एकमेकांचे किल्ट धरून सगळ्यांनी गर्रकन फिरवले. सुनीताकाकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, मीच म्हटलं होतं पुढे म्हणून!"

फक्त काका हसले नाहीत. त्यांनी आपला किल्ट फिरवला. निऱ्या मागे गेल्यावर हात मागे नेऊन त्या चाचपल्या. मग ते कॅलमला म्हणाले, "म्हणजे माणूस यावर बसतो."

"हो. बसताना असं हाताने सारखं करायचं," कॅलमने दाखवलं. मागून हात फिरवून निऱ्या खाली सपाट केल्या आणि तो बाकावर बसला. शाळेतल्या मुली स्कर्ट सावरून बसतात तसा.

"सगळे बसा," काका म्हणाले.

"काका, नाच?"

"आधी बसा."

सगळे बाकांवर बसले. काकांच्या घरून चहा आला, तो पिऊन झाला. काका मधेच कुणाला उठू देईनात. मग त्यांनी सगळ्यांना उभं केलं, पाठमोरं केलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. नूपुरही पाहत होती. निऱ्यांचा मागमूस नव्हता. कागदाचा बोळा करून पुन्हा उलगडावा, तशा आठ पाठी दिसत होत्या.

"फेल," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

"अहो, पण चालतंय की!" मनीष म्हणाला. "उद्याच कार्यक्रम आहे."

"म्हणून आज कळलं ते बरं."

"आमच्या पाठी कोण बघणार आहे, काका?" चंदन म्हणाला. "आमची तोंडंच कुणी बघत नाही."

"नाच गोल आहे. सगळे बघणार."

कॅलम उठून जवळ आला. "शिरीष, हे बघ. मजा आहे ही. मीच म्हणालो होतो ना, काहीही चालेल?"

"तू म्हणाला होतास," काका म्हणाले. "पास मी केलं होतं."

काका सगळ्यांसमोर उभे राहिले. किल्टमध्ये त्यांचे पाय काटकुळे दिसत होते. वर इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग.

"मी दोन आणि तीन नंबर उलटे तपासले," ते म्हणाले. "ज्या अंगावर माणूस बसतो ते अंग मी पोटावर लावलं आणि झोक कसा पडतो ते बघितलं. तिथे बसायचा प्रश्नच नव्हता. म्हणून जो झुलतो तो चांगला वाटला आणि जो शिवलेला होता तो बोजड. खरं तर शिवलेला होता म्हणूनच तो चांगला असणार. माझी तपासणी चुकली."

"मी पुढे म्हणाले म्हणून तुम्ही..." सुनीताकाकू मधेच म्हणाल्या.

"तू सांगितलंस. विचारायचं काम माझं होतं. कॅलमला एक फोन केला असता."

तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं. दोन नंबरची शिफारस मागे घेतो. तपासणीत चूक झाली, चूक माझी. नूपुरच्या हातातला फोन वाजला. तिने ते वाचलं आणि समोरच्या माणसाकडे पाहिलं. कुणी मागितलं नव्हतं. सगळे हसून विसरून जायला तयार होते. जानेवारीत नाव धड घेऊन जायचं म्हणणारा माणूस आपल्याच हाताने त्या नावावर रेघ मारत होता. हा माणूस आपल्या शेजारी राहतो, एवढंच तिला त्या वेळी वाटलं.

मग काकांनी घरून तीन नंबरचा नमुना आणला. या वेळी निऱ्या मागे ठेवून घातला, बसले, बऱ्याच वेळाने उठले. निऱ्या जिथल्या तिथे होत्या. कॅलमने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "रंग सोडला तर चांगला आहे हा."

मोहियुद्दीनला फोन लावला. तीन नंबरचे आणखी किल्ट आहेत का? नव्हते. तो रंग कुणी घेत नाही म्हणून मालच मागवला नव्हता, आणि उद्याच्या आत येणं शक्य नव्हतं.

"मग खलास," चंदन म्हणाला. "चला, ट्रॅक पँट."

तेव्हा नूपुर बोलली. बोलावं की नाही असं तिला वाटत होतं, पण बोलली. "काका, शाळेत आम्हाला निऱ्यांचा स्कर्ट होता. धुतला की निऱ्या जायच्या. मग आई एकेक निरी धरून कच्चे टाके घालायची, ओल्या फडक्यावरून इस्त्री करायची आणि रात्रभर गादीखाली ठेवायची. सकाळी टाके काढले की कडक."

"आमच्याकडेही असंच!" सुनीताकाकू म्हणाल्या. "नि वरून कमरेपासून खाली शिवून टाकल्या तर? तीन नंबरसारख्या?"

काकांनी दोघींकडे पाहिलं. डोळे बारीक केले. "रीवर्क," ते म्हणाले. "दुरुस्ती करून पुन्हा तपासणी. चालेल. यल्ला, लागा कामाला."

दुपारच्या नमाजानंतर मोहियुद्दीन स्वतः आला. हातात शिलाई मशीन, खांद्याला धाग्यांची पिशवी.

"अरे, शुक्रवार आहे तुझा," काका म्हणाले. "कशाला त्रास घेतलास?"

"माल माझ्या हातून गेलाय, साहेब. तुम्ही फेल म्हणालात म्हणजे माझंही नाक गेलं." आणि मशीन टेबलावर ठेवत म्हणाला, "पण निऱ्या पुढे? सगळ्या कंपाउंडात एकालाही वाटलं नाही विचारावं?"

"तूही नाही सांगितलंस," सुनीताकाकू म्हणाल्या.

"मी घालताना बघितलं कुठे! मला बोलवायचं होतं, तिकीट काढून आलो असतो."

दुपारभर टिपणिसांचं घर कारखाना झालं. सुनीताकाकू आणि नूपुर निऱ्या धरून कच्चे टाके घालत. मोहियुद्दीन कमरेपासून खाली बारीक शिलाई मारे. मनीष ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवी, तीही काकू ओरडल्या की हलकी करी. चंदनला बटाटेवडे आणायला पाठवलं होतं, कारण हातात सुई दिली तर तो जास्त बोलायचा.

काकांकडे एकच काम होतं. शिवून झालेला प्रत्येक किल्ट घालायचा आणि खुर्चीत बसायचं.

"बसून पगार घेणारे खूप बघितले," चंदन वडे घेऊन आला तेव्हा म्हणाला. "बसून काम करणारा पहिल्यांदाच बघतोय."

"हलवू नकोस मला," काका गंभीरपणे म्हणाले. "तपासणी चालू आहे."

एकामागून एक किल्ट मशीनवरून उतरले. काका उठत, पाठमोरे होत, सुनीताकाकू भिंग घेऊन बघत. "दुरुस्तीनंतर पास," काका म्हणत. नुसतं पास ते म्हणत नव्हते. नूपुरच्या ते लक्षात आलं.

शेवटच्या किल्टच्या निऱ्या मोहियुद्दीनने शिवण्यासाठी उलगडल्या आणि त्याचा हात थांबला. आत, निऱ्यांच्या पोटात, कापडाला मधोमध जोड होता. कापड कमी पडलं म्हणून दोन तुकडे जोडलेले. वरून दिसत नव्हता.

"निरीत झाकला जातो, साहेब," मोहियुद्दीन म्हणाला. "शिवून देतो. घालणाऱ्यालाही कळणार नाही."

"काका, चालेल हो," मनीष म्हणाला. "तो मी घालतो."

काकांनी जोडावर बोट फिरवलं. खिडकीकडे धरून पाहिला. एक दुपार टिकला असता, हे त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला.

"हा नाही," ते म्हणाले. "सात होतात. आठवा मी तीन नंबर घालतो."

"अहो, सगळे लाल आणि तुम्ही एकटे करडे?" सुनीताकाकू म्हणाल्या. "सगळ्यात पुढे तुम्ही असता."

"असू दे."

"फोटोत वेगळे दिसाल, काका," चंदन म्हणाला. त्याचा सूर पहिल्यांदाच चेष्टेचा नव्हता.

"दिसू दे रे."

त्या रात्री सात किल्ट सात घरांत सात गाद्यांखाली झोपले.

शनिवारी दुपारी हिरवळ भरून गेली. स्कॉटलंडची मंडळी होती, केरळची, फिलिपिन्सची, लेबनॉनची. मराठी बायका भरजरी साड्या नेसून पहिल्या रांगेत होत्या. गंमत अशी, की आठ मराठी पुरुषांनी निऱ्या पुढे लावल्याची गोष्ट सगळ्या कंपाउंडला माहीत झाली होती. काकांचा निरोप कुठल्या कुठे पोचला होता. त्यामुळे सगळे आता पाठीच बघणार होते.

संगीत सुरू झालं. कॅलम आणि त्याचे तिघे एका बाजूने आले. दुसऱ्या बाजूने आपले आठ. सगळ्यांत पुढे काका, करड्या-निळसर किल्टमध्ये. मागे सात लाल-हिरवे. काकांना वेगळं बघून कुणीतरी कुजबुजलं, पण पहिल्या फेरीतच कुजबूज थांबली. लेझीम खेळलेले पाय होते ते. वळणावर सगळे एका दमात वळायचे आणि आठही पाठींच्या निऱ्या एकदम उघडायच्या आणि एकदम मिटायच्या. चंदनसुद्धा न बोलता नाचला. शेवटच्या फेरीला सगळी हिरवळ टाळ्या वाजवत उभी होती. सुनीताकाकू टाळ्या वाजवता वाजवता नूपुरला म्हणाल्या, "बघ ना. साठीचा माणूस आहे तो."

पण काकांसाठी कार्यक्रम अजून संपला नव्हता. जेवणाची लांब टेबलं मांडली होती. आठही जण हाताने निऱ्या सावरून बसले. पानं वाढली गेली, गप्पा रंगल्या. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा काकांपाशी आला आणि त्याने विचारलं, "अंकल, तुमचाच वेगळा का आहे?"

"बाकीचे दुरुस्तीनंतर पास झाले," काका म्हणाले. "हा पहिल्यापासून चांगला होता. मीच त्याला फेल केला होता."

मुलाला काही कळलं नसावं. तो मान हलवून पळाला. कॅलमने मात्र ऐकलं होतं. त्याने आपला ग्लास काकांच्या ग्लासाला लावला.

जेवण आटोपलं. एकेक जण उठायला लागला. काका बसूनच होते. मनीष उठला, काकांची नजर त्याच्या पाठीवर. चंदन उठला, काकांची नजर तिथे. चंदन मुद्दाम थांबला, कमरेवर हात ठेवून मागे वळून म्हणाला, "बघा, साहेब, नीट बघा." निऱ्या सरळ होत्या. एकामागून एक सातही पाठी काकांसमोरून गेल्या. काका दरवेळी हलकेच मान हलवत. नूपुर टेबलाच्या टोकाला उभी राहून बघत होती. लोक ताटं उचलत होते, मुलं धावत होती, आणि मधे हा एक माणूस आपल्या शेवटच्या मालावरून नजर फिरवत होता.

सातवा गेल्यावर काका उठले. सुनीताकाकूंकडे पाठ करून उभे राहिले.

"सुनीता, बघ गं."

सुनीताकाकूंनी काकांच्या शर्टाच्या खिशात हात घालून भिंग काढलं. पदराने पुसलं. मग खाली वाकून, अगदी काका बघायचे तसं, एका निरीवरून दुसऱ्या निरीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश बघितलं. काका हलले नाहीत. आजूबाजूचे लोक हसू लागले, मग जवळ येऊन बघू लागले.

सुनीताकाकूंनी भिंग मिटलं आणि त्या उभ्या राहिल्या. मान तशीच ताठ होती, लसूण सोलताना असायची तशी.

"पास," त्या म्हणाल्या.